अहमदाबादची स्टडी टूर : कमी बघा, नीट मोजा

मी कोल्हापूरला प्रॅक्टिस करते आणि आठवड्यातले दोन दिवस आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवते. अहमदाबादला पहिल्यांदा गेले ती विद्यार्थिनी म्हणून. छत्तीस फोटोंचा एक रोल, तीन दिवस आणि एकवीस इमारती. बस थांबली की उतरायचं, सर दोन मिनिटं बोलायचे, आम्ही मान डोलवायची, पुन्हा बस. घरी येऊन रोल धुतला तर निम्मे फोटो विटांच्या भिंतींचे निघाले, आणि कुठली भिंत कुठली ते मला सांगता येईना. पुढे मुलांना घेऊन सहा वेळा गेले. प्रत्येक वेळी यादीतल्या इमारती कमी करत गेले आणि प्रत्येक वेळी मुलांच्या ड्रॉइंगच्या शीट्स सुधारत गेल्या.

हे लिहितेय ते तुमच्यातल्या त्या दोघा-तिघांसाठी, ज्यांच्या गळ्यात टूर को-ऑर्डिनेटरचं लोढणं पडलंय.

अहमदाबादच का, तर पंधराव्या शतकातली मशीद, लाकडी घरांच्या पोळी (म्हणजे दरवाजाआडच्या जुन्या गल्ल्या), आणि कार्बुझिए, लुई कान, दोशी, कोरिया या विसाव्या शतकातल्या आर्किटेक्टांच्या इमारती हे सगळं एका गावात, रिक्षाच्या अंतरावर सापडतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथं सहाशे वर्षं प्रत्येक बांधणाऱ्यासमोर एकच प्रश्न होता, ऊन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. त्यामुळे १४२४ची मशीद आणि १९५४ची गिरणीमालकांची इमारत शेजारी ठेवून बघता येतात. शैली, काळ, नावं बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा : यानं सावली कशी केली? पूर्ण टूरभर हा एक प्रश्न पुरतो.

म्हणून माझा पहिला नियम : जुनं आधी, नवं नंतर. बहुतेक कॉलेजं उलटं करतात. पहिल्या दिवशी लुई कानचं आयआयएम, कारण नाव मोठं. पोळी शेवटच्या दिवशी, खरेदीच्या जोडीला. मग मुलं कानच्या विटांपुढं नुसती भारावतात, प्रश्न काही पडत नाहीत. पोळीतल्या अंधाऱ्या खोलीतून उजेडाच्या चौकात दोनदा येऊन गेलेलं पोरगं कानच्या दुहेरी भिंतीसमोर उभं राहिलं की त्याला काहीतरी ओळखीचं दिसतं.

निघण्यापूर्वी

डिसेंबर किंवा जानेवारीत जा. मात्र १४ आणि १५ जानेवारी टाळा. उत्तरायणाला अख्खं गाव गच्चीवर असतं, दाराशी तुम्हाला विचारायला कोणी नसतं, आणि मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीला लोंबत असतो. मुंबईहून रात्रीची गुजरात मेल पकडली तर सकाळी पोचता. आम्ही कोल्हापूरकर मुंबईपर्यंत एक रात्र आणि पुढं एक रात्र काढतो, म्हणून आमची टूर पाच दिवसांची. तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर चार दिवसांत भागेल, पण इमारती वाढवू नका.

परवानगीच्या पत्रांचं काम दीड महिना आधी सुरू करा. कॉलेजच्या लेटरहेडवर, विद्यार्थ्यांची नावं, तारीख, अंदाजे वेळ, सोबतच्या शिक्षकाचा मोबाईल नंबर, आणि 'मोजमाप करणार आहोत की फक्त पाहणार आहोत' हे स्पष्ट. ईमेल पाठवा, आठवड्यानं आठवण करा, उत्तर आलं की त्याची छापील प्रत तीन जणांकडे ठेवा. एका वर्षी आमच्या पत्रात तारीख एक दिवस चुकली होती. एका संस्थेच्या गेटवर बेचाळीस जण दोन तास फुटपाथवर बसलो. वॉचमननं मुलांना पाणी दिलं, पण आत सोडलं नाही, आणि बरोबरच होतं त्याचं. चूक आमच्या टायपिंगची.

खासगी घरांची गोष्ट वेगळी. कार्बुझिएनं अहमदाबादेत चार इमारती केल्या. त्यातली साराभाई आणि शोधन ही दोन राहती घरं. साराभाईंच्या घरात वरच्या मजल्यावरून थेट पोहण्याच्या तळ्यात उतरणारी घसरगुंडी आहे हे तुम्ही पुस्तकात पाहिलेलं असणार, आणि ती बघायची तुम्हाला हौस असणार. रीतसर विचारून होकार आला तरच जा. बेल वाजवून 'आम्ही स्टुडंट्स आहोत' म्हणणाऱ्यांनी पुढच्या शंभर कॉलेजांची वाट बंद केलेली असते.

नकाशे घरूनच काढून न्या. ज्या इमारतीचा प्लॅन आणि सेक्शन (उभा छेद) छापलेला मिळतो, तो ए-थ्रीवर फिकट छापून घ्या, त्याच्यावरच तिथं लिहायचं. आणि जुन्या गावाचा मोठा नकाशा एक, ज्यावर दरवाजे, भद्रचा किल्ला, माणेक चौक आणि तुमची पोळ खुणावून ठेवलेली असेल. फोनवरचा नकाशा पोळीत गोंधळतो. गल्ल्या अरुंद, घरं उंच.

सामान, माणशी : पाच मीटरची टेप, क्लिपबोर्ड, ए-थ्रीचे साधे कागद, बटर पेपरचा छोटा रोल, दोन रंगांची पेनं, जुने मोजे. मोजे हसण्यावारी नेऊ नका. मशिदीच्या अंगणात चपला काढाव्या लागतात. डिसेंबरच्या सकाळी दगड बर्फासारखा असतो आणि एप्रिलच्या दुपारी तव्यासारखा. चौघांच्या गटामागे : तीस मीटरची टेप, ओळंबा, साधा थर्मामीटर. लेझर मीटर असेल तर आणा, पण उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही आणि जाळीतून तो आरपार जातो, म्हणून टेप हवीच. ट्रायपॉड घरी ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत त्याला वेगळी परवानगी लागते.

आणि हो, गुजरातेत दारूबंदी आहे. चौथ्या वर्षाच्या मुलांना हे वेगळं सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या मैदानात एक काम करून घ्या. तीस मीटर टेप पसरा, नेहमीच्या चालीनं चाला, पावलं मोजा. दोनदा करा. तीस मीटरला चाळीस पावलं पडली तर तुमचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शिवाय उभ्यानं हात वर केल्यावर बोटं किती उंचीला जातात, आणि वीत केवढी आहे, तेही लिहा. जिथं टेप काढता येत नाही तिथं हे तीन आकडे उपयोगी पडतात.

पोळ

मराठीत पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी 'उद्या सकाळी पोळ बघायला जायचंय' म्हटलं की हशा पिकतो. गुजरातीतली पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली गल्ली : एका जातीची किंवा धंद्याची घरं, मधे चौक, एखादं देऊळ, विहीर, आणि पक्ष्यांना दाणे घालायचा खांबावरचा कोरीव चबूतरो. रात्री दरवाजा बंद केला की आत एक छोटं गाव. कुठल्या तरी कोपऱ्यात शेजारच्या पोळीत निघणारी चोरवाटही असते. याच वस्तीमुळे २०१७ साली अहमदाबाद युनेस्कोच्या यादीतलं भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर झालं.

पहिल्या सकाळी महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक करा. तो १९९७ पासून चालू आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघतो आणि पोळींतून फिरत जामा मशिदीशी संपतो. साधारण अडीच तास. या वॉकमध्ये काही मोजायचं नाही, काढायचं नाही. फक्त चालायचं आणि आपली पोळ, आपलं घर हेरायचं. दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस त्याच एका घराला द्यायचा. माझ्या टूरमधला हा सगळ्यात महागाचा दिवस आहे, आणि मी तो कुणालाही कापू देत नाही.

घरात शिरायचं कसं? टेप खिशात ठेवून. हातात टेप आणि क्लिपबोर्ड घेतलेली चार माणसं दाराशी आली की घरातल्यांना आधी महानगरपालिका आठवते, मग कर, मग पाडापाडी. आमच्या पहिल्या बॅचला एका बांनी उंबऱ्यावरच अडवलं होतं. गुजरातीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बा म्हणतात. आमच्या कागलच्या पोराला 'बा' म्हणजे बाप एवढंच माहीत, त्यामुळे तो आणखीच गडबडला. बांचा प्रश्न सरळ होता : माझ्या घराचा नकाशा तुम्हाला कशाला? तेव्हापासून मुलांकडून एक वाक्य पाठ करून घेते. 'बा, अमे विद्यार्थी छीए, भणवा माटे आव्या छीए.' बा, आम्ही विद्यार्थी आहोत, शिकायला आलोय. उच्चार चुकला तर उत्तमच, त्या हसतात आणि काम सोपं होतं. कॉलेजचं ओळखपत्र दाखवा. कुठल्या खोल्यांत यायचं नाही ते आधी विचारा. देवघर आणि स्वयंपाकघर बहुतेक त्यात असतं. ताक देतील, घ्या. पहिला अर्धा तास ओट्यावर बसून फक्त बोला.

मग आधी चित्र, नंतर टेप. घराचा प्लॅन नजरेनं, मोठा, अख्खा ए-थ्री भरून काढायचा. भिंती दुहेरी रेघेनं. खांब, तुळया, पायऱ्या, उंबरे सगळं दिसलं पाहिजे. हे चित्र बिनमापाचं पण प्रमाणात हवं. ते झाल्याशिवाय टेप उघडायची नाही, कारण टेप उघडली की डोळे बंद होतात.

मोजताना चौघांची कामं ठरलेली : एक शून्याचं टोक धरणार, एक वाचणार, एक लिहिणार, चौथा चित्र पुढं नेणार. वाचणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, लिहिणाऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा, मगच लिहायचा. सगळे आकडे मिलिमीटरमध्येच. भिंतीची मापं घेताना दर वेळी टेप उचलून पुढं ठेवू नका. कोपऱ्यात शून्य पक्कं करा आणि तिथूनच दाराची कड, खांब, खिडकी, पुढचा कोपरा असे वाढते आकडे घ्या. तुकड्यातुकड्यानं मोजलं की प्रत्येक तुकड्याची चूक बेरजेत साचते.

आणि कर्ण. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, चौकाचे तर घ्याच. एका वर्षी आमच्या गटानं चौकाच्या चारी बाजू अगदी काटेकोर मोजल्या, कर्ण विसरले. रात्री हॉटेलात प्लॅन मांडायला बसले तर चौक जुळेना. चार बाजू माहीत असल्या तरी कोन माहीत नसेल तर चौकोन कसाही कलतो, हे शाळेत शिकलेलं. पोळीतलं एकही घर काटकोनात नसतं. गल्ली वळते तशी घरं वळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोरं परत बांच्या दारात.

उंची मोजायला चौकाच्या गॅलरीतून टेप खाली सोडा, ओळंब्यासारखी. जिथं पोचता येत नाही तिथं विटा मोजा : हाताशी असलेले दहा थर मोजून घ्या, सांध्यासकट, वरचे थर नुसते मोजत जा आणि गुणा. जिन्याच्या पायऱ्या मोजून, एका पायरीची उंची घेऊन मजल्याची उंची पडताळा. दोन रीतींनी काढलेली उंची जुळली की पुढं.

काय बघायचं? वाड्यात वाढलेल्या किंवा निदान एखादा वाडा मोजलेल्या मुलांना चौक नवा नाही. पण आपला वाडा ऐसपैस पसरतो, तर हे घर अरुंद आणि खोल : समोर ओटलो म्हणजे ओटा, मग एक खोली, मग छोटा चौक, मग मागची खोली, आणि तीन-चार मजले वर. शेजाऱ्याशी भिंत लागून, म्हणून दोन बाजूंनी ऊन नाहीच. उजेड आणि वारा फक्त पुढून आणि चौकातून. विटांच्या भिंतीत आडवी लाकडं घातलेली दिसतील. भूकंपात भिंत एकदम सुटू नये म्हणून ती भिंतीला बांधून ठेवतात. चौकाच्या फरशीत एक झाकण असेल. खाली टांकं. आपल्या गडावरचं टाकंच ते, फक्त घराच्या पोटात. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळानं खाली येतं. पहिला पाऊस गच्ची धुवायला सोडून देतात आणि मग पाणी आत घेतात. सेक्शन काढताना हे टांकं विसरलात तर अर्धं घर विसरलात.

थर्मामीटर काढायची वेळ दुपारी दोन. गल्लीत, चौकात, मागच्या खोलीत, गच्चीवर, प्रत्येकी पाच मिनिटं. आकडे थेट सेक्शनवरच लिहा.

मशिदी, वाव आणि सरखेज

जामा मशिदीला शुक्रवारी दुपारी जाऊ नका, आणि रोजच्या नमाजाच्या वेळाही टाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मुलींना कुठपर्यंत जाता येईल ते दाराशीच विचारून घ्या. आत शिरल्यावर कुणी हटकलं की सगळ्यांचाच मूड जातो. गाईड सांगतील की दोनशे साठ खांब आणि पंधरा घुमट आहेत. ते मोजत बसू नका. उन्हानं पांढऱ्या झालेल्या अंगणातून आत या आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग वर बघा : मधला भाग बाजूंपेक्षा उंच उचललाय आणि उजेड वरच्या मजल्याच्या जाळ्यांतून येतो, आकाश मात्र थेट दिसत नाही. हीच युक्ती तुम्हाला पुन्हा विसाव्या शतकात भेटणार आहे, तेव्हा एक छोटा सेक्शन काढूनच बाहेर पडा.

सिदी सैयद मशिदीची कोरीव दगडी जाळी १५७२-७३ची, रस्त्याच्या मधोमध. फोटो सगळ्यांकडे असतो. तुम्ही दुपारनंतर जा. जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत. पंधरा मिनिटं पुरे.

भद्रच्या किल्ल्यात भद्रकालीचं देऊळ आहे, ते मराठी अमलातलं. रायखडमध्ये गायकवाडांची हवेली. १८१७ पर्यंत या शहरावर मराठ्यांचा ताबा होता हे आमच्या मुलांना तिथं कळतं आणि मग ती छाती काढून चालायला लागतात. मी त्यांना आठवण करून देते की स्थानिक लोकांच्या आठवणीत तो काळ फारसा सुखाचा नाही.

अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शहराच्या उत्तरेला, अठरा-एक किलोमीटरवर. १४९९ची, राणी रुडाबाईची, पाच मजले खोल. सकाळी अकरा ते साडेबारा ही वेळ धरा, सूर्य माथ्यावर असताना. तेव्हाच थोडा वेळ ऊन आत खोलवर उतरतं. बहुतेक मुलं थेट तळाशी धावतात. त्यांना अडवा. प्रत्येक मजल्याच्या टप्प्यावर थांबून तीन गोष्टी लिहायच्या : तापमान, आवाज, आणि आकाश केवढं दिसतं. शेवटचं शब्दांत लिहायचं नाही. मान वर करून आकाशाचा तुकडा दिसेल तसा काढायचा. पाच टप्पे, पाच चौकटी, एका पट्टीत. अडालजचं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग असं, एका मुलीनं बसच्या तिकिटामागे काढलेलं आहे.

सरखेज रोजा संध्याकाळी. शेख अहमद खट्टू यांचा दर्गा, मशीद, राजवाड्याचे अवशेष आणि मधे मोठं तळं. अंगणं एकमेकांत अशी उघडतात की एकात उभं असताना दुसऱ्याचा कोपरा दिसत राहतो. मशिदीत कमानींपेक्षा खांब-तुळयांचाच कारभार आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाचं मूलही त्याचा स्ट्रक्चरल ग्रिड काढू शकतं. पण इथं मी काम देत नाही. शाळेतून सुटलेली पोरं तळ्याच्या पायऱ्यांवर क्रिकेट खेळत असतात, बायका नमाजानंतर बसलेल्या असतात. तासभर बसा.

नवं

आता कार्बुझिए. आश्रम रोडवरचं गिरणीमालक संघाचं घर, आत्मा हाउस, १९५४चं. लांब उताराच्या रॅम्पवरून थेट पहिल्या मजल्यावर चढायचं. ऑफिसात आधी कळवलेलं असलं की आत जाता येतं. इथला अभ्यास एका प्रश्नाचा : रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या उभ्या पडद्या तिरक्या का, आणि नदीकडच्या पूर्वेच्या सरळ का? उत्तर सांगू नका. मुलांना दुपारी चारला पश्चिमेच्या गॅलरीत उभं करा. सावली कुठं पडते ते प्लॅनवर रेघेनं काढू द्या. मग सावकाश पूर्वेला न्या, जिथं नदीवरचा वारा येतो. इमारत झाली त्या काळी खाली नदीच्या वाळूत कापड धुणं-वाळवणं चालायचं आणि गिरणीमालक वरून ते बघायचे. आता तिथं रिव्हरफ्रंटची काँक्रीटची भिंत आहे. ती चांगली की वाईट यावर रात्री वाद घाला, आत्ता नको.

पालडीचं संस्कार केंद्र कार्बुझिएचंच. आत जाता येईल का ते चौकशी करून ठरवा, नाहीतर बाहेरून बघा. शेजारीच दोशींचा टागोर हॉल आहे, घडीच्या काँक्रीटचा. दहा मिनिटांत दोन्ही.

साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय चार्ल्स कोरियांचं, १९६३चं. वय तिशीच्या आसपास असताना केलेलं. आश्रमाच्या परिसरात मोठ्या पुनर्रचनेचं काम हाती घेतलंय, तेव्हा काय उघडं आहे ते आधी विचारा. तुमचं पाऊल इथं कामाला येतं. खांबापासून खांबापर्यंत चाला : आठ पावलं, म्हणजे सहा मीटर. पुढच्या खणात पुन्हा आठ. संपूर्ण इमारत या सहा बाय सहाच्या चौकटीनं बांधलीय. काही चौकटी भिंतींच्या, काही उघड्या, एक पाण्याची, आणि वर कौलारू छपरं. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा. चौकटींचा प्लॅन स्वतः चालून काढायचा, अर्ध्या तासात निघतो. मग पोळीतला तुमचा चौक आणि इथला पाण्याचा चौक एकाच मापात शेजारी काढा. तिथं चौक घरासाठी उजेड आणतो. इथं तो तुम्हाला कुठं वळायचं ते न सांगता मोकळं सोडतो.

दोशी तर आपल्या पुण्याचे. १९२७ साली पुण्यात जन्म, घरचा फर्निचरचा धंदा, मुंबईत जे.जे.मध्ये शिक्षण, मग पॅरिसला कार्बुझिएकडे, आणि त्याचंच काम बघायला अहमदाबाद. २०१८चं प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं तेव्हा आमच्या स्टुडिओत पेढे वाटले होते. सेप्ट या अहमदाबादच्या आर्किटेक्चर कॉलेजची त्यांची इमारत साठच्या दशकातली, विटा आणि उघडं काँक्रीट. इथं मी मुलांना एक खेळ देते. सकाळी नऊला प्रत्येकानं आवारात आपल्याला बसावंसं वाटेल ती जागा शोधायची आणि सावलीच्या कडेवर खडे मांडायचे. बाराला पुन्हा खडे, तीनला पुन्हा. खड्यांच्या तीन ओळी प्लॅनवर उतरवायच्या. मग दिसतं की तिथली मुलं दिवसभर जागा बदलत त्या सावलीमागे सरकत असतात. जमिनीवर खडूनं काही लिहू नका, आणि जाताना खडे उचला.

त्याच आवारात २०१७चं लीलावती लालभाई ग्रंथालय आहे, राहुल मेहरोत्रांच्या ऑफिसचं. बाहेरून हलवता येणाऱ्या झडपांचा पडदा, आणि बरेच मजले जमिनीखाली. अडालज बघून आलेल्या मुलांना हे ग्रंथालय कुणी समजावून सांगावं लागत नाही. जिना उतरताना मागे वळून वर बघतात आणि एकमेकांना ढोसतात. शेजारची गुफा, म्हणजे दोशी आणि चित्रकार हुसेन यांचं जमिनीखालचं कलादालन, संध्याकाळसाठी ठेवा. दोशींचं स्वतःचं ऑफिस संगाथ १९८०च्या सुमाराचं, अर्धं जमिनीत, वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली अर्धगोल, पन्हाळीसारखी छपरं. परवानगीनं जा. तिथं दुपारी छपराच्या आत आणि बाहेर थर्मामीटर धरायचा.

आयआयएम सगळ्यात शेवटी, सकाळी. परवानगीशिवाय नाही, आणि फोटो कुठं काढायचे ते गेटवर विचारा. कानचं काम १९६२ ला सुरू झालं. १९७४ साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या स्टेशनवर तो गेला. 'विटेला कमान व्हायचंय' हे कानचं प्रसिद्ध वाक्य, त्यावरचे मुलांचे विनोद बसमध्येच उरकून घ्या. आत आलात की विटांच्या भिंतीतल्या एका उघड्या भागापाशी बसा. पसरट कमान, आणि तिच्या दोन टोकांना धरून ठेवणारी काँक्रीटची आडवी पट्टी. कमान बाहेर ढकलते, पट्टी ओढून धरते. पोळीतल्या भिंतीतलं लाकूड आठवतंय? मोठी गोल भोकं बाहेरच्या भिंतीत, आणि खरी खिडकी आत खोल सावलीत. मधली जागा कुणाचीच नाही, फक्त सावलीची. दहा थर मोजा, गुणा, भोकाची उंची काढा.

विटांवर पांढरं मीठ आलेलं दिसेल, काही ठिकाणी तडे. २०२० च्या अखेरीस चौदा वसतिगृहं पाडायचा प्रस्ताव आला, जगभरातून विरोध झाला, मागे घेतला, आणि पुढे प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच आवारात विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या बृंदा सोमया यांच्या ऑफिसनं केली आणि २०१९ला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी बघा. पाडावं की दुरुस्त करावं यावर मुलांना शंभर शब्द लिहायला सांगते, पण अट एक : किमान एक वाक्य विटेच्या दर्जाबद्दल हवं.

संध्याकाळी आणि परतल्यावर

रोज रात्री जेवणाआधी एक तास हॉटेलच्या भिंतीवर कागद चिकटवा. जेवणानंतर कुणी बसत नाही. मास्किंग टेपच वापरा, भिंतीचा रंग निघाला की बिल टूरच्या खात्यात येतं. जे माप चुकलंय ते उद्या सुधारता येतं. कोल्हापुरात सापडलेली चूक सुधारता येत नाही. जेवायला एक रात्र माणेक चौकात जा, दिवसा सराफी आणि रात्री खाऊगल्ली. जागा एकच असताना तिचा प्लॅन दोनदा कसा बदलतो, हा फुकटचा धडा. वरणातल्या गुळाबद्दल आमची पोरं पाचही दिवस कुरकुरतात. कांदा-लसूण मसाल्याची पुडी बरोबर ठेवा आणि कुरकुर आपसातच करा, वाढणाऱ्याच्या समोर नको.

परतल्यावर शीट्सना तीन आठवडे. पोळीचं घर, वाव आणि एक नवी इमारत, तिघांचे सेक्शन एकाच मापात, एकाच सूर्यकोनात, एका शीटवर. निबंध नको, इतिहासाचा मजकूर नको. तो पुस्तकात आहे.

आणि मोजलेल्या घरी एक छापील शीट पोस्टानं पाठवायची. हे आमच्याकडे सबमिशनचाच भाग आहे, पावती जोडल्याशिवाय मार्क नाहीत. त्या पहिल्या बांना आम्ही पाठवली होती. पुढच्या वर्षी नवी बॅच घेऊन गेले तर शीट ओट्यामागच्या खोलीत, चौकटीत. बांनी मुलांना आत बोलावलं, बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाल्या, टांकं चुकीच्या बाजूला काढलंय तुमच्या पोरांनी, ते जिन्याखालून सुरू होतं. त्या दिवशी आम्ही झाकण उघडून पुन्हा मोजलं.